कापडाची जात

चाकणच्या एमआयडीसीभोवती खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, महाळुंगे अशी गावे आहेत. या गावांतून आता कामगारांच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. दहा बाय दहाची खोली, पुढे अरुंद गॅलरी आणि गॅलरीत बांधलेल्या एका दोरीवर सगळ्या घराचे धुणे. त्या दोरीवर कंपनीचा निळा ड्रेस असतो, शाळेचा गणवेश असतो, म्हातारीचे सुती लुगडे असते, मुलीची लेगिंग्ज असते, तान्ह्याचे झबले असते आणि थंडीत लोकरीचा स्वेटरही असतो. पाच माणसांचे घर म्हणजे पाच तऱ्हेचे कापड. पण बहुतेक घरांत हे सगळे एकाच बादलीत भिजते, एकाच पावडरीत उकडते आणि एकाच ब्रशने खसाखसा घासले जाते. मग लुगडे जिरते, स्वेटर आखडतो, पांढरा शर्ट निळसर होतो, आणि बोल बसतो तो धुणाऱ्या बाईला.

धुणे ही काय लिहिण्यासारखी गोष्ट आहे, असे काही बंधूंना वाटेल. भगिनींना तसे वाटणार नाही. ज्या कामात रोजचा तास-दीड तास जातो, ज्यासाठी पहाटे उठून नळाची वाट पाहावी लागते, त्या कामाबद्दल बोलायलाच हवे. मी मूळची अकोला जिल्ह्यातली. लग्न झाल्यावर मिस्टरांबरोबर 2004 साली चाकणला आले. तेव्हापासून आजपर्यंत किती बादल्या धुणे धुतले याचा हिशोब नाही. पण त्या धुण्यातून दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे धुण्यात मोठे शास्त्र आहे. आणि दुसरी म्हणजे ते शास्त्र घरातल्या एकाच माणसाने जाणायचे आणि बाकीच्यांनी फक्त कपडे टाकायचे, ही रीत आपल्या विचाराशी जुळत नाही.

आपल्या समाजाला धुण्याचे महत्त्व कुणी वेगळे सांगायची गरज नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रे वापरावीत असे सांगून ठेवले आहे. नवे कापड नाही, आणि आहे ते धुवायला पाणी नाही. गावच्या पाणवठ्यावर ज्याला शिवू देत नाहीत, त्याने कपडे धुवायचे तरी कुठे? आधी पाणी तोडायचे आणि मग हे लोक मळकट राहतात म्हणून नाक मुरडायचे, असा तो न्याय होता. म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे पाणी ओंजळीत घेतले, ते पिण्यापुरते नव्हते. माणसासारखे राहण्याला जे जे पाणी लागते, त्या सगळ्या पाण्यावरचा तो हक्क होता.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या आयाबहिणींशी खास भाषण केले. पोशाखावरून जात ओळखू येईल असे नेसू नका, लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुढे 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, तिथेही त्यांनी स्वच्छ राहायला शिका हेच सांगितले. एवढा मोठा विद्वान माणूस, आणि आपल्या आयाबहिणींशी लुगड्याच्या धुण्याबद्दल बोलतो! कारण कपडा कसा दिसतो यावरून समोरचा आपल्याला काय किंमत देतो, हे त्यांनी भोगले होते.

माझी आजी 1956 साली आजोबांबरोबर नागपूरला दीक्षेला गेली होती. पांढरी वस्त्रे नेसून जायचे होते. आजीकडे होती ती दोन्ही लुगडी रंगीत. मग तिने उधारीवर मांजरपाट आणले. कोरे मांजरपाट पांढरे नसते, पिवळसर असते, त्यावर सरकीचे बारीक काळे ठिपके असतात. आजीने चुलीतली राख पाण्यात कालवली, वरचे निवळ पाणी काढले, त्यात ते कापड उकळले. मग नदीकाठच्या हिरवळीवर अंथरले आणि वाळत आले की त्यावर पाणी शिंपडत राहिली. असे दोन दिवस केले. ऊन, ओल आणि राखेचा खार या तिघांनी मिळून ते कापड दुधासारखे केले. ते नेसून ती 14 ऑक्टोबरला त्या लाखोंच्या गर्दीत बसली. आजी शाळेत गेली नव्हती. पण सुती कापडाला खार सोसतो, उकळी सोसते आणि ऊन सोसते, एवढे रसायनशास्त्र तिला पक्के ठाऊक होते.

हे ज्ञान फार जुने आहे. अंगुत्तर निकायात उपोसथ सुत्त आहे. त्यात तथागत विशाखा या उपासिकेला मन शुद्ध कसे करावे ते समजावताना मळलेल्या कापडाचा दाखला देतात. मळके कापड कशाने स्वच्छ होते? खारी माती, क्षार, शेण, पाणी आणि माणसाचा योग्य प्रयत्न यांनी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही धुण्याची रीत. त्यातला शेवटचा शब्द मला फार मोलाचा वाटतो. योग्य प्रयत्न. नुसता जोर नव्हे. दगडावर आपटले म्हणजे कपडा निघतो असे ज्यांना वाटते त्यांनी हा शब्द ध्यानात घ्यावा.

आता योग्य प्रयत्न म्हणजे काय? तर कापडाची जात ओळखणे. माणसाला जात नसते, ती लादलेली असते. कापडाला मात्र जात खरोखर असते. कापूस झाडापासून येतो, लोकर मेंढीच्या अंगावरची, रेशीम किड्याच्या कोशाचे आणि टेरिलीन-पॉलिस्टर कारखान्यात तेलापासून बनते. ज्याचा जन्म वेगळा त्याचे धुणेही वेगळे.

सुती कापडाचे पाहा. कापसाचा धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा मजबूत होतो. म्हणून सुती चादर, टॉवेल, बनियन, लंगोट गरम पाण्यात भिजवा, घासा, पिळा, त्याला काही होत नाही. पांढरे सुती कडक उन्हात वाळवा. रंगीत सुती मात्र उलटे करून सावलीत, नाहीतर खांद्यावरचा रंग आधी उडतो. नवे गडद सुती कापड पहिले दोन-तीन वेळा वेगळेच धुवावे. पुष्कळ बायका रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवतात. रंगाऱ्याच्या भट्टीत मीठ उपयोगी पडते, कारण ते रंगाला धाग्याकडे ढकलते. पण एकदा कापड रंगून दुकानात आले की घरच्या मिठाने तो रंग डांबून ठेवता येत नाही. म्हणून जयंतीच्या आधी नवा निळा कुर्ता किंवा निळे झेंडे धुवायला काढाल तेव्हा त्याच बादलीत वंदनेची पांढरी साडी घालू नका. आणि चुकून रंग लागलाच तर साडी वाळू देऊ नका. ओली असतानाच पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा. वाळलेला डाग दुप्पट हट्टी होतो.

लोकर आणि रेशीम यांची गोष्ट निराळी. ही दोन्ही प्राण्यांपासून आलेली, आपल्या केसांच्या जातीची. केसाला सोडा लावला तर काय होईल? तेच लोकरीचे होते. लोकरीच्या धाग्यावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आखडून बाहुलीच्या मापाचा होतो. मग तो पुन्हा कधी सुटत नाही. म्हणून लोकर थंड किंवा कोमट पाण्यात, रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात नुसती दाबून काढावी. पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सपाट जागेवर पसरून वाळवावी. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. रेशमाचेही तसेच. सोडा नको, ब्लीच तर मुळीच नको, कडक ऊन नको. दीक्षेच्या दिवशी बाबासाहेबांनी पांढरे रेशमी धोतर नेसले होते. आपल्याकडे लग्नात एखादी पांढरी रेशमी साडी घेतली जाते. ती उन्हात वाळत घातली तर वर्षभरात पिवळी पडते. ती सावलीचीच धनीण आहे.

तिसरी जात टेरिलीन, पॉलिस्टर, नायलॉनची. 1941 साली विलायतेत दोन शास्त्रज्ञांनी हा धागा शोधला. आपल्याकडे टेरिलीनचा शर्ट आला तेव्हा त्याची कोण मिजास! धुतला की तासाभरात वाळतो, इस्त्री लागत नाही. कामगाराला तो सोयीचा, यात शंका नाही. पण त्याचे दोन अवगुण आहेत. तो पाणी कमी पितो आणि तेल धरून ठेवतो. म्हणून घामाचा वास आणि मशीनचे ऑइल त्यातून लवकर निघत नाही. आणि गरम पाण्यात टाकून पिळला की पडलेल्या सुरकुत्या जाता जात नाहीत. त्याला कोमट पाणी, उलटे करून धुणे आणि न पिळता निथळत ठेवणे बरे.

चौथी एक फसवी जात आहे, ती रेयॉनची. दुकानदार तिला आर्ट सिल्क म्हणतो, कुणी व्हिस्कोस म्हणते. दिसायला रेशीम, स्पर्शाला मऊ, किमतीला स्वस्त. पण ओली झाली की तिचे जवळजवळ निम्मे बळ जाते. सुती कापड ओले झाल्यावर बळावते आणि ही ओली झाल्यावर दुबळी होते, हे लक्षात ठेवा. रेयॉनचा कुर्ता पिळाल तर शिवणीत फाटेल.

आता ओळखायचे कसे? शिवणीच्या आतल्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर काडीने पेटवा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती किंवा रेयॉन. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. तयार कपड्याला आत चिठ्ठी असते, तिच्यावरची चित्रे मुलांकडून वाचून घ्या. बादलीचे चित्र म्हणजे पाण्यात धुवा, बादलीत हात म्हणजे हातानेच धुवा, त्रिकोण म्हणजे ब्लीच, इस्त्रीत एक ठिपका म्हणजे मंद आणि तीन ठिपके म्हणजे कडक. ज्या चित्रावर फुली ते करायचे नाही. दहावीतल्या पोराला हे पाच मिनिटांत येते.

हे धागा जाळून पाहण्याचे मी उगाच सांगत नाही. आमचे मिस्टर काही वर्षे एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंगला होते. अंगात घरचाच जुना टेरिकॉटचा शर्ट घालायचे. एके दिवशी ठिणगी बाहीवर पडली. सुती असते तर भोक पडून तेवढे जळाले असते. हे कापड वितळले आणि कातडीला चिकटले. दंडावरचा तो डाग आजही आहे. कापड सोलून काढताना डॉक्टरांनी जे सांगितले ते मी विसरलेली नाही. वेल्डिंग, भट्टी, कटिंग अशा कामावर कृत्रिम धाग्याचे कपडे घालू नयेत, आतला बनियनसुद्धा सुती असावा. सुती कापडही पेटते, पण वितळून अंगात रुतत नाही. तेव्हापासून आमच्या घरात जाड सुती शर्ट कामासाठी बाजूला ठेवलेले असतात. भगिनींनो, आपल्या घरातला माणूस ठिणग्यांत काम करत असेल तर आज रात्रीच त्याच्या शर्टाचा एक धागा जाळून बघा. धुण्याचे शास्त्र कधी कधी कातडी वाचवते.

कंपनीच्या ड्रेसचे आणखी थोडे. ऑइल, ग्रीस, कूलंट लागलेले कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नका. कूलंटने पुष्कळांच्या हाताला खाज सुटते, पुरळ येते, ते बाळाच्या अंगाला कशाला? आधी खिसे उलटे करून लोखंडाचा बुरा झटकून टाका, नाहीतर तो गंजून कापडावर तांबडे डाग पाडतो. ग्रीसच्या डागावर पाणी घालण्याआधी, कोरड्यावरच, भांडी घासायचा पातळ साबण चोळा आणि वीस मिनिटे ठेवा. मग कोमट पाण्यात धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो कायमचा बसतो. काही जण पेट्रोल नाहीतर रॉकेल लावतात. एका खोलीत स्वयंपाक आणि धुणे करणाऱ्या घरात तो आगीशी खेळ आहे. आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचे अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू छातीत गेला तर जीव गुदमरतो.

बाकीच्या डागांचे नियम थोडके आहेत. रक्ताच्या डागाला थंड पाणी, गरम नाही. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, त्याला घाबरू नका. धुवून उन्हात टाका, ऊन हळद खाते. गंजाच्या डागाला पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ.

चाकणच्या पाण्याचीही एक अडचण आहे. आमच्यासारख्या कितीतरी खोल्यांना बोअरचे नाहीतर टँकरचे पाणी. बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यात चुन्याच्या जातीचे क्षार असतात. साबणाची वडी त्यात फेस देत नाही, उलट साबणाचा पांढुरका साका कापडावर बसतो. पांढरे कपडे करडे आणि राठ होतात. बायका आणखी साबण लावतात आणि साका आणखी वाढतो. उपाय सोपा आहे. सुती धुण्याच्या बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवा, मग साबण कमी लागतो. किंवा डिटर्जंट पावडर वापरा, ती जड पाण्यातही काम करते. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी बनवलेली निरमा पावडर सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि बड्या कंपन्यांची महाग पावडर ज्यांना परवडत नव्हती अशा घरांत डिटर्जंट पोहोचली. पण पावडर जास्त म्हणजे कपडा जास्त स्वच्छ, हा भ्रम आहे. जास्त पावडरीला जास्त पाणी लागते, हात सोलतात आणि कापडात राहिलेली पावडर अंगाला खाजवते. निळीचेही तसेच. नीळ मळ काढत नाही, पिवळेपणा झाकते. म्हणून ती शेवटच्या स्वच्छ पाण्यात, पूर्ण विरघळवून, दोन थेंबच घालावी.

वाळवण्याचा विषय पावसाळ्यात जिवावर येतो. खोलीत दोरी, दोरीवर ओले कपडे, खाली स्वयंपाक आणि कुबट वास. तो वास ओलीत वाढणाऱ्या जंतूंचा असतो. कपडा जितका वेळ ओला राहील तितका वास. म्हणून पावसाळ्यात एकदम ढीग धुवू नका, रोज थोडे धुवा. जाड आणि पातळ कपडे एकावर एक टाकू नका, मध्ये चार बोटे जागा सोडा, खिडकी उघडी ठेवा आणि पंखा लावा. शेगडीवर किंवा गॅसजवळ कपडे वाळवायचा मोह टाळा.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. पाळीचे कापड अजूनही काही घरांत साडीच्या आत, पलंगाखाली, अंधारात वाळवतात. कुणी पाहू नये म्हणून. तिथे ऊन नाही, वारा नाही, कापड दमट राहते आणि त्यातून खाज, जखम, आजार होतात. ते कापड सुती असावे, थंड पाण्यात साबणाने धुवावे आणि उघड्या उन्हात खडखडीत वाळवावे. बाळाचा लंगोट गॅलरीत वाळतो तेव्हा कुणी लाजत नाही. मग या कापडाची लाज कशाला? शरीराच्या धर्माला विटाळ कुणी ठरवले ते आपल्याला चांगले माहीत आहे. तो विटाळ आपण आपल्या दोरीवर तरी पाळू नये.

कापडाच्या बाबतीत विटाळाचा आणखी एक किस्सा आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगला आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना सूत कातण्याच्या खात्यात काम मिळे, पण विणकाम खात्यात घेत नसत. कारण तिथे पगार जास्त होता, आणि वर सांगायला निमित्त होते की धोट्यातला धागा तुटला तर तोंडाने ओढावा लागतो, त्याला अस्पृश्याची थुंकी लागेल! 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. सूत आमच्या हातचे चाले, विणणे चालत नसे. जन्मावरून काम वाटून देणे म्हणजे काय, ते यात दिसते.

आता हाच प्रश्न आपल्या घराला विचारा. परीट समाजात जन्मला म्हणून आयुष्यभर लोकांचे कपडे धुवायचे, हे आपण नाकारतो. त्याच समाजात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, तर आपण त्यांना वंदन करतो. मग मुलगी म्हणून जन्मली तेवढ्यावरून भावाचे, बापाचे कपडे तिनेच धुवायचे, हे कुठल्या विचारात बसते? आमची मुलगी बारावीत होती तेव्हा सकाळी पाण्याची वेळ आणि तिच्या अभ्यासाची वेळ एकच होती. पोरगा आयटीआय करून अप्रेंटिस लागलेला. शिफ्टवरून आला की ड्रेस मोरीत टाकून झोपायचा. बहिणीने वही मिटायची आणि त्याचे ग्रीस काढायचे. मी एके दिवशी दोघांना आणि त्यांच्या वडिलांनाही समोर बसवले आणि सांगितले की यापुढे ज्याचा कामाचा ड्रेस त्याने धुवायचा. चादरी रविवारी दोघा-दोघांनी मिळून. सोलापुरी चादर ओली झाली की एकट्या बाईला पिळता येत नाही, दोन टोकांना दोन माणसे लागतात. ती दोन माणसे बायाच का असावीत?

पोरगा आठवडाभर कुरकुरला. ग्रीस निघत नाही म्हणाला. मी त्याला साबण कसा कोरड्यावर लावायचा ते दाखवले. महिन्याभरात तो माझ्यापेक्षा चांगला डाग काढू लागला, कारण कोणते ऑइल कुठे लागले हे त्यालाच ठाऊक. मिस्टर पहिल्यांदा गॅलरीत कपडे वाळत घालायला उभे राहिले तेव्हा शेजारच्या भाऊंनी विचारले, "काय दादा, वहिनी आजारी आहेत का?" हे म्हणाले, "नाही. कपडे माझे आहेत." एवढेच बोलले आणि चिमटे लावत राहिले. मुलीला त्या वर्षी सकाळचे दोन तास मिळाले. ती आता नर्सिंग करते आहे. नुसत्या धुण्याच्या दोन तासांनी ती शिकली असे मी म्हणत नाही. पण ते दोन तास तिचे होते आणि ते तिला मिळाले, एवढे खरे.

आज पुष्कळ घरांत मशीन आले आहे. चांगली गोष्ट आहे. पण मशीनला कापडाची जात कळत नाही. कपडे निवडून घालणे, खिसे तपासणे, बटण दाबणे आणि वेळेवर काढून वाळत घालणे हे माणसानेच करायचे आहे. त्यालाही घरातल्या प्रत्येकाचा हात लागावा.

कपड्याची जपणूक म्हणजे काय, याची एक गोष्ट चुल्लवग्गात आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हे करणार काय? आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींच्या जमिनीवर अंथरायच्या पट्ट्या, जुन्या पट्ट्यांची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी फाटली की ती कुटून, चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. आपल्या गोधडी शिवणाऱ्या आयांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. आजीच्या त्या मांजरपाटाच्या लुगड्याचे पुढे माझ्या आईसाठी झबले झाले आणि उरले ते गोधडीच्या पोटात गेले.

25 डिसेंबर जवळ आला की आपल्या भागातली कुटुंबे देहूरोडच्या बुद्धविहाराला जातात. 1954 साली याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यासाठी घराघरांत पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट कपाटातून काढून धुतले जातात. या वेळी ते काम एकट्या आईवर टाकू नका. सोडा एकाने विरघळवावा, पाणी एकाने ओतावे, पिळायला दोघे असावेत, वाळत घालायला पोरांनी यावे. आणि हे करता करता मुलामुलींना कापडाची जात ओळखायला शिकवा. पुढे त्यांना दुसऱ्या कोणाच्या हातच्या धुण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

जयभीम!